चिमा काय कामाची

दोन माणसांचे पटेनासे झाले की आपण म्हणतो, त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात, हे त्यामागचे चित्र. चित्र झकास आहे, पण बिचाऱ्या छत्तीसावर त्यात मोठाच अन्याय होतो. हीच संख्या जुन्या घड्याळाच्या तबकडीवर असतात तसल्या रोमन आकड्यांत लिहा. पाठ नाही, पोट नाही, भांडणाचा मागमूस नाही. किंवा असे करा. छत्तीस लिंबे घ्या आणि दहा-दहाचे वाटे लावण्याऐवजी आठ-आठाचे लावा. चार वाटे होतील, वर चार लिंबे उरतील. आठाच्या हिशेबात तुमचे छत्तीस झाले ४४. इकडून वाचा, तिकडून वाचा, चव्वेचाळीसच. पाचाच्या हिशेबात मोजा: पंचविसाची एक पाटी, पाचाचे दोन वाटे आणि एक सुटे लिंबू. म्हणजे १२१. पुन्हा दोन्हीकडून सारखे! इतकी समजूतदार संख्या, आणि आपण तिच्या नावाने भांडणे लावतो.

ही विद्या मला शाळेत मिळाली नाही. ती मिळाली आमच्या अण्णांकडून. अण्णा मुंबईत काळबादेवीच्या एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस होते, आणि आम्ही गिरगावातल्या दोन खोल्यांत राहत होतो. मराठीत उलटसुलट सारखी वाचता येणारी वाक्ये आहेत, ती तुम्ही-आम्ही सर्वांनी लहानपणी घोकली आहेत. ‘ती होडी जाडी होती’, ‘रामाला भाला मारा’, आणि सर्वांत प्रसिद्ध ते ‘चिमा काय कामाची’. तशाच उलटसुलट संख्येला पुस्तकी नाव असेल ते असो, आमच्या घरात तिला ‘चिमा’ म्हणत. बसच्या तिकिटावर १७३७१ आला की अण्णा खिशातून तिकीट काढून उंबऱ्यातूनच ओरडत, “आज चिमा आली!” पाच आकड्यांच्या तिकिटांत अशी चिमा शंभरात एकदा येते. म्हणजे रोज दोन तिकिटे फाडणाऱ्या माणसाला दोन महिन्यांतून एखादी. हा आनंद एवढ्या बेताने मिळतो म्हणूनच तो टिकतो, असे मला वाटते. आईला मात्र त्यात काही रस नव्हता. “चिमा काय कामाची?” एवढेच ती विचारी, आणि कामाला लागे.

पण अण्णांची खरी चिमा तिकिटावर नव्हती, नाण्यांत होती. हे सांगण्यासाठी मला जुन्या नाण्यांची उजळणी करावी लागणार. माझ्या वयाच्या वाचकांनी ती सोसावी आणि तरुणांनी आपल्या आजीला विचारून खात्री करून घ्यावी. १९५० साली प्रजासत्ताकाची म्हणून जी नाणी निघाली ती सात होती. पैसा, दोन पैशांचा अर्धा आणा, ज्याला आमच्याकडे जुन्या सवयीने ढब्बूच म्हणत, चार पैशांचा आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, आणि सोळा आण्यांचा रुपया. आता पैशांत मोजा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. प्रत्येक नाणे आधीच्याच्या दुप्पट! एका पैशापासून एकशे सत्तावीस पैशांपर्यंत कोणतीही रक्कम या सात नाण्यांतून देता येते, कोणतेही नाणे दोनदा न वापरता, आणि प्रत्येक रकमेची रीत एकच. (पै मात्र या घराण्यातली नव्हे. तीन पैंचा एक पैसा. ती वेगळ्याच कुळातून दत्तक आलेली.) हिशेबाच्या वहीतही पावलीची उभी रेघ आणि आण्याची आडवी, कोणतीही रेघ तीनपेक्षा जास्त येतच नसे, कारण चौथीला वरच्या घरात बढती मिळे. आपण चाराच्या आणि दोनाच्या पायावर मोजतो आहोत हे बाजारात कोणालाही ठाऊक नव्हते. सगळे बिनबोभाट मोजत होते, एवढेच.

भाऊबीजेच्या दिवशी अण्णा ही सात नाणी पाटावर एका ओळीत मांडीत आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला सांगत, “यातली हवी ती काढून घे. पण जे उरेल ते चिमा झाले पाहिजे. उरेल ती हिची ओवाळणी.” नाणे असेल तिथे एक, काढले तिथे शून्य. दादा पक्का व्यवहारी. तो अधेली आणि पैसा एवढीच ठेवी. एक, चार शून्ये, एक. रक्कम तेहतीस पैसे. रुपयाची जागा रिकामी, म्हणून ओळ अधेलीपासून सुरू. नियमात बसते, काय बोलणार! मी रडकुंडीला आले की अण्णा म्हणत, “निदान रुपया तरी ठेव रे.” मग तो रुपया, पावली, आणा, पैसा ठेवी, एकाआड एक. पंच्याऐंशी पैसे झाले. मला मात्र हवी असे ती नव्व्याण्णव पैशांची ओवाळणी: रुपया आणि अधेली एका टोकाला, ढब्बू आणि पैसा दुसऱ्या टोकाला, मध्ये तीन रिकाम्या जागा. १, १, ०, ०, ०, १, १. आणि तोंडाने म्हणायचे तरी नव्व्याण्णवच, म्हणजे दहाच्या पायावरही चिमा. दोन आकडी संख्यांत अशा दुहेरी चिमा दोनच आहेत, दादाची ३३ आणि माझी ९९. तीन आकड्यांत गेलात तर ३१३, ५८५ आणि ७१७, बस्स. एवढ्या मोठ्या ओवाळणीची आमच्या घरात शक्यताच नव्हती, तेव्हा त्यांची चौकशी आम्ही केली नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. रुपयाचे शंभर भाग झाले, आणा गेला. मी तेव्हा दहा वर्षांची होते, अण्णा सत्तेचाळीस वर्षांचे. हा बदल चांगला झाला, हे मी आधीच सांगून टाकते. जुन्या गोष्टींसाठी उगाच गळा काढणाऱ्यांतली मी नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांच्या घोकंपट्टीतून पुढच्या पिढ्या सुटल्या, हे पुण्यकर्मच म्हणायचे. पण पुण्यकर्माचीही किंमत कोणीतरी मोजतोच. सव्वासात आणे वाराने साडेतेरा वार कापड किती, असे विचारताच अण्णा डोळे न मिटता सांगत, “सहा रुपये, एक आणा, साडेतीन पैसे.” पेढीवरचे शेठ भल्यामोठ्या बिलाचा कागद त्यांच्या हातात देत, आणि अण्णांनी मान हलवली की सही करीत. ती मान हलवणे हीच अण्णांची पदवी होती.

पहिले वर्ष सगळा बाजार गोंधळात होता. आण्याचे सव्वासहा नवे पैसे. ते मोडायचे कसे? म्हणून दुकानादुकानांत तक्ता लागला: एक आण्याचे ६, दोनाचे १२, तीनाचे १९, चाराचे २५. सात आण्यांचे ४४ होतात हे पाहून मी अण्णांना म्हटले, “बघा, चिमा!” त्यांनी तक्त्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, “पावणेचव्वेचाळीसला ओढूनताणून आणलेली आहे. ही खरी नव्हे.” पेढीवर एक नवा मॅट्रिक झालेला मुलगा लागला होता. दशांशचिन्ह इकडचे तिकडे सरकवले की झाले, असे तो म्हणे, आणि खरेच होई. चार-पाच वर्षांत वार आणि शेरही गेले, मीटर आणि किलो आले. अण्णांची नोकरी गेली नाही, पगारही कमी झाला नाही. शेठांनी कागद त्यांच्या हातात देणे मात्र हळूहळू बंद केले. अण्णांनी घरी याबद्दल एक अक्षर काढले नाही. आम्हांला ते कळले ते भाऊबीजेला. नव्या नाण्यांत १, २, ५, १०. दुपटीची साखळी तुटलेली. जुनी सात नाणी अण्णांनी आईच्या कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात घालून ठेवली आणि ओवाळणीला सरळ एक नोट काढून दिली.

त्यानंतर कधीतरी त्यांनी पाकिटे जमवायला सुरुवात केली. पेढीवर आलेली टपालाची पाकिटे फाडून, उलगडून, त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर ते आकडे लिहीत बसत. रात्री जेवणे झाली की माझ्याकडे पाहून म्हणत, “सांग एक आकडा.” मी सांगे, “तेवीस.” थोड्या वेळाने उत्तर येई, “तीनाच्या पायावर. २१२.” एकोणतीस? चाराच्या पायावर १३१. त्र्याहत्तर? दोनाच्या पायावर १००१००१. या खेळाला त्यांनी एक नियम घातला होता. कोणत्याही संख्येतून एक वजा करून त्या पायावर ती संख्या मोजली तर ११ येणारच: बारा वस्तूंचा डझन धरला तर तेरा म्हणजे एक डझन आणि एक. “ही लबाडी आहे,” अण्णा म्हणत, “तशी तर कोणीही चिमा होईल.” तेव्हा तो एक पाया बाद. बाकीच्यांपैकी एखाद्या तरी पायावर संख्या दोन्हीकडून सारखी वाचता आली पाहिजे.

बहुतेक संख्या कुठे ना कुठे वळतात. माणसांसारखेच आहे ते; आपल्याकडे ताठ असलेला गृहस्थ सासुरवाडीला अगदी मवाळ असतो. पण काही संख्या कशालाच बधेनात. १, २, ३ ही पोरेसोरे सोडून द्या. शंभरापर्यंत अशा सातच निघाल्या: ४, ६, ११, १९, ४७, ५३ आणि ७९. पुढची एकदम १०३. अकरा पाहून मला हसू आले, कारण आपल्याला ती जन्मजात चिमा दिसते. पण तिचा दहाचा पाया म्हणजे नेमका बाद केलेला पाया! ते एक चिलखत काढून घेतले तर ती दुसऱ्या कुठेही वळत नाही. अण्णांनी यांना नाव दिले ‘हट्टी’. आणि एका पाकिटावर, हट्टी संख्यांच्या यादीखाली त्यांनी लिहिले, “४ व ६ सोडून सर्व अविभाज्य. का?” त्या ‘का’ भोवती पेन्सिलीने एक वर्तुळ काढलेले होते.

पेढीच्या ओळखीने ते एका कॉलेजातल्या गणिताच्या प्रोफेसरांकडे ते पाकीट घेऊन गेले. प्रोफेसर सज्जन होते. त्यांनी चहा दिला, यादी पाहिली आणि सांगितले की, हा गुण संख्येचा नव्हे, लिहिण्याच्या रीतीचा आहे. पाया बदलला की तो जातो, म्हणून गणितात त्याला मोल नाही. अण्णा घरी येऊन म्हणाले, “बरोबर आहे त्यांचे. आणे गेले तसे हे.” आणि पाकिटांचा गठ्ठा त्यांनी माळ्यावर टाकला.

त्या प्रोफेसरांच्या बाजूला फार मोठी माणसे आहेत. रामानुजनला जगापुढे आणणारे केंब्रिजचे हार्डी यांनी १९४० साली आपल्या एका छोट्या पुस्तकात हाच निवाडा दिला होता. चार आकडी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा आहेत की त्या स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत असतात: २१७८ ची चौपट ८७१२, आणि १०८९ ची नऊपट ९८०१. हे वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. हार्डींपुढे मी कोण! पण आठाच्या पायावर जाऊन पाहा. तिथे सर्वांत मोठा अंक नऊ नव्हे, सात. १०६७ ला ७ ने गुणा. आठाच्या हिशेबात उत्तर येते ७६०१. पुन्हा उलटे! म्हणजे दहाच्या पायावर जे अपघाताने घडले असे वाटत होते, त्याचा सख्खा भाऊ आठाच्या घरीही नांदतो आहे. १२१ चेही तसेच. दहाच्या पायावर तो अकराचा वर्ग. जुन्या नाण्यांत एक पावली, दोन आणे, एक पैसा मांडा: पंचवीस पैसे, पाचाचा वर्ग. आठाच्या पायावर १२१ म्हणजे एक्याऐंशी, नवाचा वर्ग. तीन किंवा त्याहून मोठा कोणताही पाया घ्या, १२१ हा वर्गच असतो. पाया बदलला की संख्या बदलते, पण एवढी एक गोष्ट बदलत नाही.

आणि अण्णा प्रोफेसरांच्या दिवाणखान्यात आपले पाकीट घेऊन बसले होते त्याच काळात नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक मास्तर मुलांना गणित शिकवीत होते. १, १२१, १२३२१ अशा चढत-उतरत जाणाऱ्या संख्यांच्या घराण्याला त्यांनी नाव दिले होते ‘डेमलो’. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्टेशनात त्यांना ती कल्पना सुचली त्याचे हे त्या वेळचे नाव. तेच आजचे डोंबिवली. एकावर एक नऊ एक्के लिहून त्यांचा वर्ग करा: १२३४५६७८९८७६५४३२१. आपल्याकडच्या कित्येक विद्वानांना कापरेकरांचे हे सारे पोरखेळ वाटे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगभर नाव झाले. अण्णांनी त्यांचे नाव ऐकलेले नव्हते. ऐकले असते तर पुढच्याच रविवारी देवळालीचे तिकीट काढले असते, आणि आधी त्यावरचा नंबर पाहिला असता.

अण्णांच्या ‘का’चे उत्तर मला सापडले १९७० च्या सुमारास. तेव्हा मी बँकेत नोकरीला होते आणि लोकलमध्ये उभ्याने तास जात असे. उत्तर इतके सोपे की दोनदा तपासावे लागले. जी संख्या अविभाज्य नाही ती दोन संख्यांचा गुणाकार असणार. ९१ घ्या, ७ गुणिले १३. मोठ्यातून एक वजा करा: १२. आता बारा-बाराने मोजा: सात डझन आणि सात, ७७! ज्या संख्येचे भाग पडतात तिला या युक्तीने चिमा करता येते. दोन्ही भाग सारखे असले, म्हणजे ४९ सारखा वर्ग असला, तर सहाच्या पायावर येतो आपला जुना मित्र १२१. नऊ तेवढी या युक्तीत बसत नाही, पण ती दोनाच्या पायावर १००१ होऊन सुटते. तेव्हा हट्टीपणा करायचा तर अविभाज्यच असावे लागते. आणि अविभाज्य असणे काही लिहिण्याच्या रीतीवर अवलंबून नाही. एकोणीस लिंबांचे सारखे वाटे कोणत्याही देशात, कोणत्याही आकड्यांत पडत नाहीत. एकाच पायाला विचारले तर चिमा हा योगायोग. सगळ्या पायांना एकदम विचारले तर उत्तर देते ती संख्याच.

त्या रात्री मी माळ्यावरचा गठ्ठा काढला आणि अण्णांसमोर बसले. तेव्हा ते निवृत्त झाले होते, डोळ्यांना मोतीबिंदू उतरत होता. मी ९१ सांगितले, ४९ सांगितले. त्यांनी मला थांबवले नाही. माझे संपल्यावर म्हणाले, “आणि सहा?” सहा म्हणजे दोन गुणिले तीन. तीनातून एक वजा, पाया दोन. पण दोनाच्या पायावर दोन हा अंकच नाही, बसेल कसा? आणि चाराच्या बाबतीत तर पायाच उरतो एक. माझी युक्ती जिथे लंगडी पडते तिथेच त्यांनी बोट ठेवले होते, चष्मा न लावता. मग त्यांनी पाकीट मागून घेतले, ‘का’ भोवतीच्या वर्तुळाशेजारी अंदाजाने बरोबरची खूण केली आणि विचारले, “ते प्रोफेसर अजून त्याच कॉलेजात असतील का ग?”

नव्हते. पण अण्णांनी विचारले, याचा मला आनंद झाला. पुढच्या भाऊबीजेला करंडा बाहेर आला. दादा तेव्हा चांगला मिळवता होता. तरी त्याने अधेली आणि पैसाच ठेवला.

माझी नात आता संगणकाचे शिक्षण घेते. तिच्या पुस्तकात सगळे दोनाच्या पायावर, आणि लांबलचक ओळी आटोपशीर करण्यासाठी सोळाच्या पायावर. मध्यंतरी तिने मला ऐकवले, “आजी, सोळाच्या पायावर पंच्याऐंशी म्हणजे काय माहीत आहे? ५५!” मी म्हटले, “पाच रुपये पाच आणे.” ती बघतच राहिली. मग मी तिला करंडा दाखवला. संगणकवाल्यांनी आमच्या अण्णांचा हिशेब उचलला असे काही माझे म्हणणे नाही. दुपटीदुपटीने जाण्याची सोय ज्याला हवी तो आपोआपच या वाटेला येतो, मग तो कापडाच्या पेढीवरचा असो की यंत्राच्या पोटातला. पण नाणी ओळीने मांडून ती जेव्हा “एक, शून्य, एक, शून्य” म्हणू लागली, तेव्हा तिला शिकवण्यासारखे माझ्याकडे फारसे उरले नाही.

मला सध्या एकोणऐंशीवे वर्ष पुरे झाले आहे. ७९ ही हट्टी संख्या, आणि घरातल्यांचे म्हणणे असे की हे वर्ष तिला साजेसेच चालले आहे. पुढच्या वर्षी ऐंशी. नवाच्या पायावर ८८, आणि तीनाच्या पायावर त्याहून देखणी, २२२२. दुकानात आकड्यांच्या मेणबत्त्या मिळतात, तसल्या दोनाच्या चार आणायला मी नातीला आत्ताच सांगून ठेवले आहे. केक खायला येणाऱ्यांना काय समजायचे ते समजू दे.